बजर वाजतोय, वाजू दे!

मंडळी, आजचा विषय जरा कोरडा आहे, आधीच सांगतो. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि शेंगाचटणी आठवते. पण आमच्याकडे औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखानेही आहेत. असा कारखाना म्हटला की लॅब आली, आणि लॅब म्हटली की फ्यूम हूड आलाच. पुढे वर-खाली सरकणारी काच (तिला सॅश म्हणतात), वर धूर ओढणारा पंखा. हवा माणसाकडून आत जायला हवी, आतली वाफ माणसाकडे यायला नको, एवढंच त्याचं काम.

माझी केमिस्ट्री इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातच संपली. पण अशाच एका लॅबचे हूड कंट्रोलर आमच्या मॉनिटरिंगला जोडायचं काम आलं, आणि पाहतो तर काय, निम्म्या हूडांचे बजर कायमचे म्यूट! विचारलं तर उत्तर आलं, "सर, सारखंच वाजतंय की ते."

आता सारखं का वाजतं ते बघा. काचेच्या उघड्या भागातून आत जाणारी हवा साधारण सेकंदाला 0.5 मीटर ठेवतात. अलार्म बऱ्याचदा 0.4 ला लावलेला असतो. मधे उरलं किती? 0.1! काच सरकवली की आकडा क्षणभर हलणारच. त्यात अलार्मला पाच-दहा सेकंदांचा डिले नसेल आणि बंद व्हायची पातळी सुरू व्हायच्या पातळीपेक्षा थोडी वर ठेवलेली नसेल, तर बजर दिवसभर टिवटिव करणार. ही गोष्ट कुठल्याही प्रोग्रामरला कळते, पण कंट्रोलर लावणारा फॅक्टरी सेटिंग तसंच ठेवून निघून जातो.

दुसरी गंमत आपल्या उन्हाळ्याची. दीड मीटर रुंद हूडची काच 45 सेंटीमीटर उघडी असेल तर तासाला बाराशे घनमीटर हवा बाहेर जाते. एसीने गार केलेली, विकतची हवा! बाहेर 44 डिग्री असताना ती परवडत नाही. मग कोणीतरी पंख्याचा वेग कमी करतं, वर सीलिंग फॅन लावतं. खरं तर हूडसमोरून माणूस चालत गेला तरी त्याचा वेग हूडच्या हवेच्या दुप्पट असतो, मग सीलिंग फॅनच्या झोताचं काय सांगावं! आणि भिंतीतल्या बारीक भोकातला सेन्सर हे काहीच सांगत नाही. आकडा 0.5 दाखवतो, वाफ मात्र बाहेर. म्हणून अलार्म लावायच्या आधी काचेच्या तोंडावर चौकटी पाडून अॅनिमोमीटरने प्रत्येक ठिकाणी मोजा, धूर सोडून डोळ्यांनी बघा, आणि मग कंट्रोलरला आकडा शिकवा. उलटं नको.

माझं मत विचाराल तर म्यूटचं बटण असावं, पण पाच मिनिटांपुरतं. कायमचा म्यूट लॅबवाल्यांच्या मेनूत असूच नये. काही जणांना हे जाचक वाटतं, "आम्ही काय लहान पोरं आहोत का?" असं ऐकवतात. लहान नाही हो, पण कामाच्या गडबडीत बजर बंद करणारा माणूस तो परत चालू करायला येत नाही, हे मी लॉगमध्ये पाहिलंय.

आणि हा प्रश्न जुना आहे. भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात एमआयसीची टाकी गार ठेवणारी यंत्रणा जून 1984 पासून बंद होती. त्यामुळे टाकीचं तापमान इशाऱ्याच्या मर्यादेच्या वरच असायचं. म्हणजे तो इशारा असून नसल्यासारखा. डिसेंबरमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. हूडची तुलना भोपाळशी करणं जरा जास्तच होईल, मान्य. पण अलार्म बिनकामाचा कसा होतो, ती पद्धत दोन्हीकडे तीच.

असो. राहिली वीज. बऱ्याच ठिकाणी कंट्रोलर यूपीएसवर असतो आणि वरचा पंखा नसतो. लाइट जाऊन आली तरी पंख्याचा स्टार्टर आपोआप लागत नाही, कुणीतरी जाऊन हिरवं बटण दाबावं लागतं. त्यामुळे बजर वाजला की कुणाला फोन करायचा, ते नाव आणि नंबर हूडच्या काचेशेजारी चिकटवा. आम्ही मेंटेनन्सच्या मोबाइलवर मेसेज जाईल असंही केलं, पण रात्रपाळीला तो कागदच जास्त उपयोगी पडतो.