गर्दीवर भरवसा किती?

डिजिटल फोटोत गुप्त मजकूर दडवायचा तर त्यातल्या सर्वांत गजबजलेल्या भागात दडवावा, हे मत इतके रूढ झाले आहे की त्याला पुरावा मागायचे कोणाला सुचत नाही. त्यामागचे निरीक्षण खोटे नाही. ठाण्याच्या तलावपाळीवरच्या संथ पाण्याच्या फोटोत शेजारच्या पिक्सेलांचे आकडे जवळपास सारखे असतात. तिथे मजकूर भरण्यासाठी या आकड्यांचे शेवटचे बिट बदलले, तर डोळ्यांना नाही तरी गणिताला ते खटकते. दिवाळीच्या सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवर मात्र झब्बे, साड्या आणि डोक्यांची अशी सरमिसळ असते की एखादा आकडा एकाने पुढेमागे झाल्याचा पत्ता सहज लागत नाही. घोटाळा होतो तो याच्या पुढे. हे सगळे शोधणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि मग तो पाण्याकडे ढुंकूनही न बघता थेट गर्दी चाळतो.

पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, असे गुप्तलेखनाचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्येच बजावले होते. हे मान्य केले की प्रश्न जागेचा उरत नाही, डावाचा होतो. समजा, शोधणारा एका वेळी एकच भाग तपासू शकतो. त्या भागात मजकूर असलाच तर तो पाण्यात 80 टक्के वेळा सापडतो, गर्दीत 40 टक्के. (आकडे हिशेबाच्या सोयीचे.) कायम गर्दीतच लपवणारा, शोधणाऱ्याने ते ओळखले की, 40 टक्के वेळा पकडला जातो. तिनांतून दोनदा गर्दी आणि एकदा पाणी, तेही कुठलाही क्रम न ठेवता निवडणारा सुमारे 27 टक्केच, मग शोधणारा कुठेही बघो. वाईट जागा अधूनमधून वापरल्यानेच चांगली जागा सुरक्षित राहते. शॉटल आणि ब्योमे या संशोधकांनी 2012 मध्ये खेळ सिद्धांताने मांडलेला युक्तिवाद याच दिशेचा आहे.

शोधणारा इतका चतुर कुठे असतो, असा आक्षेप येईल. तो खरेच फक्त पाणीच तपासत बसला, तर गर्दीवाला एकदाही सापडणार नाही, हे कबूल. पण ती सुरक्षितता दुसऱ्याच्या मूर्खपणावर उधार घेतलेली आहे. हे चोराला शिकवणे झाले, हा दुसरा आक्षेप तर हिशेब अर्धाच वाचतो. तोच हिशेब तपास करणाऱ्यालाही सांगतो की तिनांतून एकदा पाणी बघ. कल्याण स्टेशनात तिकीट तपासनीस रोज गर्दीच्याच पुलावर उभा राहिला, तर विनातिकीट प्रवासी दुसरा पूल धरतील. त्याने कधीमधी, कोणाला अंदाज न येता, त्या ओस पुलावरही उभे राहायला हवे.