किंमत किती? एकशे चाळीस!



गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीला एक मैत्रीण गालावर वळ घेऊन आली. निमित्त होतं मिक्सरचं. दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून तिनं तो हप्त्यानं घेतला होता. चार हप्ते थकले, नवऱ्याला कळलं. "बायकांना व्यवहारातलं काय कळतं?" म्हणत त्यानं हात उचलला.

मारहाणीबद्दलची आपली भूमिका स्पष्ट आहे आणि जे करायचं ते गटानं केलं. पण त्याचं ते वाक्य बैठकीत कुणीच खोडलं नाही. मीही नाही. उलट मीच विचारलं, "अगं, घेताना नीट विचार नाही का केलास?" समाजकार्याची पदव्युत्तर पदवी असूनही माझ्या तोंडून त्या नवऱ्याचंच वाक्य बाहेर पडलं, फक्त सौम्य आवाजात. ते मला अजून टोचतं.

पुढच्या बैठकीत आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. "मिक्सर केवढ्याला पडला?" तसाच मिक्सर घेतलेल्या पाचजणी एकदम म्हणाल्या, "एकशे चाळीस!" तो आठवड्याचा हप्ता होता. हप्ते ५२. एकूण ७,२८० रुपये. नाक्यावरच्या दुकानात तोच मिक्सर ४,५०० ला होता. सगळ्या गप्प झाल्या. मग मागून एकीनं विचारलं, "आणि हिच्या नवऱ्याची मोटारसायकल?" तो सगळ्यांना सांगायचा, "छत्तीसशे." असे ३६ हप्ते, म्हणजे १,२९,६०० रुपये. रोखीची किंमत ९५,०००. त्या खरेदीबद्दल त्याला कुणी मारलं नव्हतं. पेढे वाटले होते.

चूक दोघांची एकच होती, आणि ती बाईची किंवा अडाण्याची नव्हे, माणसाच्या मनाची आहे. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काह्नेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवलं आणि मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश शेकडा किती? चाकावर १० आलेल्यांचा अंदाज २५ च्या आसपास होता, तर ६५ आलेल्यांचा ४५ च्या. चाकाचा उत्तराशी काहीही संबंध नव्हता, तरी पहिला दिसलेला आकडा मनाला खुंटीसारखा धरून ठेवतो. खोक्यावर छापलेली फुगीर किंमत हे तेच चाक. "आमच्याकडे आठवड्याला फक्त एकशे चाळीस" हेही तेच. त्यात शेजारच्या चार घरांत वस्तू आलेली असली की आपल्याला वाटतं, इतक्या जणींनी पाहूनच घेतली असणार. त्या चौघींनाही तसंच वाटलेलं असतं.

विक्रेत्याला हे सगळं पक्कं ठाऊक असतं. आपल्याला मात्र ते 'बायकांचा हट्ट' म्हणून शिकवलं जातं.

आणखी एक गोष्ट आम्हा कार्यकर्त्यांनी आधी समजून घ्यायला हवी होती. त्या मैत्रिणीची गरज खोटी नव्हती. पाट्यावर वाटण करून तिचं मनगट धरलं होतं. साडेचार हजार एकरकमी तिच्या हातात कधीच येत नाहीत, आठवड्याला एकशे चाळीस येतात. रोजंदारीवर जगणारी बाई शाम्पूची पुडी घेते तेव्हा तिला हिशेब कळत नाही, असं नसतं. तिच्याकडे आज तेवढेच पैसे असतात. म्हणून 'काटकसर शिका' हा उपदेश तिच्यासाठी अपुरा आहे, आणि कधी कधी अपमानकारकही.

मग करायचं काय? खरेदी हा चळवळीचा विषय आहे, हे आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं सभासदांचे गट करून घरचा किराणा एकत्र घेण्याची रीत घालून दिली. एकट्या बाईला उंबऱ्यावर गाठणं सोपं असतं. वीसजणींना गाठणं अवघड.

आमच्या गटानं तीन साधे नियम केले आहेत. हप्त्याची कुठलीही वस्तू पुढच्या बैठकीत बोलल्याशिवाय घ्यायची नाही. 'आजच्या आज' म्हणणाऱ्याला उद्या यायला सांगायचं. आणि 'हप्ता किती' याआधी 'एकूण किती' हे कागदावर लिहून मागायचं. बँक किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर हा आपला हक्कच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा वैयक्तिक कर्जांना व्याज-शुल्कासह सगळा खर्च सांगणारं पत्रक कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यावं लागतं. मराठीत मागा. दारावरचा विक्रेता असं पत्रक देत नाही, म्हणूनच तिथं गट हवा.

त्या मैत्रिणीला गटानं अंतर्गत कर्ज देऊन उरलेले हप्ते एकदम फेडले. मिक्सर तिच्याकडेच आहे. आता घरातल्या मोठ्या खरेदीचा हिशेब तिच्यासमोर मांडला जावा, असा तिचा आग्रह आहे. नवरा अजून कुरकुरतो. पण परवा फ्रिजची जाहिरात बघताना तिच्या धाकट्या मुलीनं विचारलं, "आई, एकूण किती?"

तुमच्या गटात असा फळा मांडून बघा. पहिला आकडा कोणता ऐकू येतो, ते आम्हाला जरूर कळवा.