काचेची कुपी आणि हातांची विद्या

विज्ञानाचा इतिहास आपण बहुधा सिद्धान्त मांडणाऱ्यांचा इतिहास म्हणून शिकवतो. ज्या हातांनी उपकरणे घडवली, त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. चुंबकीय क्षेत्र अचूक मोजणारी काचेची कुपी हे याचे बोलके उदाहरण आहे.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र स्थळपरत्वे सुमारे २५ ते ६५ हजार नॅनोटेस्ला असते. त्यातील एका नॅनोटेस्लाहूनही सूक्ष्म फरक टिपण्यासाठी सिझियमची वाफ वापरतात. योग्य प्रकाश टाकला की तिचे अणू एका दिशेने वळतात आणि क्षेत्राभोवती भोवऱ्याप्रमाणे डोलू लागतात. क्षेत्र एका नॅनोटेस्लाने वाढले, तर डोलण्याची वारंवारिता सुमारे ३.५ हर्ट्झने वाढते. या विद्येचा पाया घालणाऱ्या प्रकाशीय पद्धतींच्या संशोधनासाठी आल्फ्रेड कास्टलर यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु हे अणू काचेच्या भिंतीवर आदळले की त्यांची शिस्त मोडते. म्हणून कुपीत नायट्रोजन किंवा निऑनसारखा वायू भरतात. त्याच्या गर्दीतून भिंत गाठण्यास अणूंना वेळ लागतो. ही कुपी घडवताना बोरोसिलिकेट काच ज्योतीवर वितळवून सांधावी लागते आणि ताण जावा म्हणून भट्टीत सावकाश निववावी लागते. सिझियम पाण्याशी स्फोटक अभिक्रिया करतो; म्हणून कुपी निर्वात करीत तापवून आर्द्रतेचा अंशही काढून टाकावा लागतो. मग धातू आत सरकवून, वायू मोजून भरून, जोडनळी वितळवून कुपी बंद करतात. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असेल, तरच मऊ काच आत मिटते. अन्यथा ती फुगून फुटते. ज्योत नेमकी केव्हा काढावी, हे पुस्तक सांगू शकत नाही.

कोणी म्हणेल, ‘आता सिलिकॉनच्या चकत्यांवर यंत्रे अशा कुप्या बनवतात.’ खरे आहे. पण त्या यंत्रांनाही काच, धातू आणि उष्णता यांचा स्वभाव जाणणारा माणूस लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वाट्याला केवळ श्रम आले, त्यांच्या मुलांना पुन्हा हातकामाकडे का वळवावे? माझे उत्तर असे, की अन्याय श्रमात नव्हता. श्रमापासून ज्ञान आणि प्रतिष्ठा हिरावून घेण्यात होता. पदार्थविज्ञानाऐवजी काचकाम नको, पदार्थविज्ञानासह हवे.

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेला पर्याय म्हणून १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा उभी राहिली. तिची इमारत चुंबकीय नसलेल्या साहित्याची आहे. तेथे गवंड्याचे कामही विज्ञानाचाच भाग ठरले.

म्हणून निवासी विद्यालयांत ग्रंथालयाइतकीच सुसज्ज कार्यशाळा असावी आणि तिथल्या कामाला लेखी परीक्षेइतकेच गुण असावेत. आपल्या मुलांनी सूत्र मांडावे, आणि ते सिद्ध करणारी कुपीही आपल्याच हातांनी घडवावी.