सरोजिनी नगरच्या पुनर्विकासात यादीबाहेरच्यांचे काय?

नवी दिल्ली : स्वस्त कपड्यांच्या बाजारामुळे देशभर ठाऊक असलेले सरोजिनी नगर मुळात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. पूर्वी विनय नगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या परिसरातील जुनी बुटकी घरे पाडून तेथे मनोरे उभारले जात आहेत. त्यांपैकी २८ इमारतींमधील अडीच हजारांहून अधिक टाइप-२ निवासस्थानांचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ३ जानेवारी २०२५ रोजी केले.

दक्षिण दिल्लीतील अशा सात वसाहतींच्या पुनर्विकासाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१६ मध्ये मंजुरी दिली. १२,९७० घरांच्या जागी सुमारे २५,६६७ घरे आणि ३२,८३५ कोटी रुपये अंदाजित खर्च, असा हा आराखडा. हा पैसा व्यापारी जागेच्या विक्रीतून उभा करायचा असल्याने शेजारच्या नौरोजी नगरमधील सहाशेहून अधिक निवासस्थाने गेली आणि तेथे सुमारे ३४ लाख चौरस फुटांचे व्यापार केंद्र आले. झाडे तोडण्यावरून २०१८ मध्ये आंदोलन झाले व उच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली, तेव्हा हा प्रकल्प चर्चेत आला होता. तेथे राहणाऱ्या माणसांविषयी मात्र त्या मानाने कमी बोलले गेले.

सरोजिनी नगर ज्या नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या हद्दीत येते, तिची लोकसंख्या २००१ मधील ३.०२ लाखांवरून २०११ मध्ये २.५८ लाखांवर घसरली. त्याच दशकात संपूर्ण दिल्ली १.३८ कोटींवरून १.६८ कोटींवर गेली. राजधानीच्या मध्यभागी रिकामा होत गेलेला हा भाग आता पुन्हा भरणार आहे.

मात्र येथे कोण राहणार, हे घरभाड्याचा बाजार ठरवत नाही. टाइप-२ घर वेतन स्तर २ ते ५ मधील कर्मचाऱ्याला मिळते. म्हणजे सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० ते २९,२०० रुपये. निवृत्तीनंतर घर सोडावे लागते. मुंबईतील वरळीच्या बीडीडी चाळींशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. तेथे १६० चौरस फुटांच्या खोलीतील भाडेकरूला ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. सरोजिनी नगरमध्ये घर माणसाचे नसते, पदाचे असते.

या व्यवस्थेचा एक गुण क्वचितच सांगितला जातो. वाटपाची प्रतीक्षायादी आडनाव, भाषा किंवा स्वयंपाकघरात काय शिजते हे विचारत नाही. नोकरीतील आरक्षणामुळे दलित, आदिवासी, इतर मागासवर्गीय आणि सवर्ण कर्मचारी एकाच जिन्यावर राहतात. बाजूच्या लक्ष्मीबाई नगरात दिल्ली तमीळ शिक्षण संघाची शाळा आहे, ती उगाच नव्हे. खासगी भाड्याच्या घरांत चित्र उलटे असते. ईशान्य भारतातील तरुणांना दिल्लीत घर मिळवताना होणाऱ्या त्रासाची दखल २०१४ मध्ये बेझबरुआ समितीलाही घ्यावी लागली होती. त्यामुळे सरकारी घरांची संख्या वाढणे ही केवळ बांधकामाची बाब नाही.

प्रश्न आहे तो यादीबाहेरच्यांचा. या वसाहतींतील घरकाम, इस्त्री आणि सफाई करणारी माणसेही आसपासच राहत आली आहेत. सरोजिनी नगरमधील सुमारे २०० झोपड्या हटवण्याचा निर्णय झाला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली एक विद्यार्थिनी याचिकाकर्त्यांत होती. न्या. के. एम. जोसेफ आणि न्या. हृषिकेश रॉय यांच्या पीठाने २५ एप्रिल २०२२ रोजी कारवाईला स्थगिती देत सरकारने माणुसकीने वागावे, असे बजावले.

दिल्लीच्या २०१५ च्या धोरणानुसार १ जानेवारी २००६ पूर्वीची वस्ती आणि १ जानेवारी २०१५ पूर्वीची झोपडी पुनर्वसनास पात्र ठरते. व्यवहारात वस्तीचे नाव सरकारच्या ६७५ वस्त्यांच्या यादीत आहे का, यावर बरेच काही अवलंबून असते. कर्मचाऱ्यासाठी जी यादी घराचा हक्क ठरते, तीच पद्धत त्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला बेदखल ठरवू शकते.

२०२७ च्या जनगणनेत मनोऱ्यांतील प्रत्येक सदनिकेची नोंद होईल आणि या भागाची लोकसंख्या वाढलेली दिसण्याची शक्यता आहे. ज्यांना येथून हलावे लागेल, त्यांची गणती दिल्लीच्या दुसऱ्याच कुठल्यातरी प्रभागात होईल आणि कामासाठी त्यांना रोज बसने येथेच यावे लागेल.