वाचनाची सुरुवात घरच्या गप्पांतून

‘असर’ २०२४ अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता येतो. हे सर्वेक्षण खेड्यांपुरते असल्याने शिवडीच्या बीडीडी चाळींतली मुले त्यात मोजलीच जात नाहीत. तिथल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत अभ्यासाला कोपरा मिळणे कठीण. तरी वाचनाचा पाया बोलण्यातून घातला जातो आणि त्याला वेगळी खोली लागत नाही. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट यांच्या १९८८ च्या प्रयोगात पालकांनी गोष्ट वाचताना मुलांना मोकळे प्रश्न विचारले. महिनाभरात मुलांच्या बोलण्यात ठळक सुधारणा दिसली. अक्षरओळख नसलेली आजीही चित्र दाखवून ‘आता काय होईल रे?’ विचारू शकते. पालकसभेत गुणांबरोबर शाळांनी हेही सांगायला हवे.