कुत्र्या-मांजरांची गाडी भोर-वेल्ह्यातही हवी



‘पाळीव प्राण्यांची ने-आण हा पुण्यातल्या हौशी लोकांचा धंदा, भोर-वेल्ह्यात तो चालायचा नाही’ हे एका वाचकाचे मत मला मुळीच पटले नाही. रानडुकराने फाडलेला राखणीचा कुत्रा इथे पोत्यात गुंडाळून, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून नसरापूरपर्यंत आणतात. प्रत्येक खड्ड्याला तो कळवळतो. एक्स-रे काढायचा तर पुढे पुणे गाठावे लागते, आणि वडापवाले त्याला घेत नाहीत. ही हौस आहे का?

‘घरची गाडी लावली की झाले’ हेही चूक. भाडे घ्यायचे तर पिवळ्या पाटीची, व्यावसायिक नोंदणीचीच गाडी हवी. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याने परमिटची सक्ती नाही, म्हणून होतकरू पोराने छोट्या टेम्पोपासून सुरुवात करावी. १९७८ चे प्राणी वाहतूक नियम मात्र पाठ हवेत: पशुवैद्यकाचा दाखला, कुत्र्या-मांजरांना वेगळे पिंजरे, लांबच्या प्रवासात उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी.

खरी अडचण रिकाम्या परतीची. त्यावर उपाय म्हणजे वार ठरवून वेल्हे, नसरापूर, कापूरहोळची जनावरे एकाच फेरीत न्यावीत आणि परतताना पुण्याहून प्राण्यांचे खाद्य, औषधे आणावीत. महाडचे भाडे पावसाळ्यात घेऊ नये. वाटेतला वरंध घाट तेव्हा बऱ्याचदा बंद असतो.

– एक वाचक, भोर