कठीण शब्दांची भीती कशाला?

आपल्या पांढुर्णा-सौसरकडचे अनेक रुग्ण मोठ्या आजारासाठी नागपूर गाठतात. परतताना हातात डिस्चार्ज कार्ड आणि बिलांची जुडी असते. घरातले शिकलेले पोर ते कागद उलटसुलट करते आणि 'डॉक्टरांची भाषा आहे' म्हणून बाजूला ठेवते.

याच भाषेवर आज एक व्यवसाय उभा आहे. आजाराचा व उपचाराचा संकेतांक ठरवणे म्हणजे मेडिकल कोडिंग आणि त्यावरून विम्याकडे बिल पाठवणे म्हणजे मेडिकल बिलिंग. आपली बारावी झालेली मुले-मुली या कोर्सची चौकशी करतात, पण पहिला धडा पाहूनच 'मराठी माध्यमवाल्यांना हे जमायचे नाही' म्हणून माघार घेतात. आम्हाला हे पटत नाही.

हे शब्द बहुतेक ग्रीक-लॅटिन आहेत, म्हणजे इंग्रजी शाळेतल्या मुलांनाही परकेच. उलट उपसर्ग, मूळ शब्द आणि प्रत्यय फोडण्याची सवय आपल्याला व्याकरणाच्या तासाने लावली आहे. 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'आयटिस' म्हणजे दाह, झाला यकृतदाह. 'एक्टमी' म्हणजे कापून काढणे. 'पेरि' आणि परि, 'हायपर' आणि उपरि, 'डेंट' आणि दंत ही तर एकाच कुळातली भावंडे!

मात्र येथे एका अक्षराची चूक महागात पडते. 'हायपोग्लायसेमिया' म्हणजे रक्तातील साखर कमी, 'हायपरग्लायसेमिया' म्हणजे जास्त; उपचार नेमके उलटे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आय.सी.डी.-१० संकेतावलीत उजव्या खुब्याच्या झिजेला एम १६.११, तर डाव्याच्या झिजेला एम १६.१२. आकडा चुकला की दावा अडतो आणि घोर रुग्णाच्या घराला लागतो.

अमेरिकेतील संस्थेच्या सी.पी.सी. परीक्षेत १०० प्रश्न, ४ तास आणि उत्तीर्ण होण्यास ७० टक्के लागतात. संकेतांकांची पुस्तके जवळ ठेवता येतात. म्हणजे कस लागतो तो समजेचा, पाठांतराचा नव्हे.

विश्वस्तांना आमची विनंती आहे की, नववीपासून शनिवारचा एक तास यासाठी द्यावा. मराठी व विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून दर आठवड्याला दहा शब्द फळ्यावर फोडून दाखवावेत. पालकांनीही क्लासची फी भरण्यापूर्वी तेथे शब्द समजावतात की नुसते घोकून घेतात, हे पाहावे.

सगळीच मुले या व्यवसायात जाणार नाहीत. पण आजीचा कागद तिला वाचून, समजावून सांगतील, हे काय थोडे झाले?